गोरा, अम्मी आणि दोनशे रुपयांचं कार्ड

आमच्या मैंदर्गीच्या घरात कितीतरी वर्षं एक गोरा राहत होता. नाव अम्मीनं ठेवलेलं. माझ्या लॅपटॉपमधून जो आवाज बोलतो त्याला ती गोरा म्हणते, कारण तो घरात आला तेव्हा फक्त इंग्रजी बोलत होता, तेही नाकातून. "तेरा गोरा आज सुबे से चुप नइं बैठा रे," असं ती भाकरी थापता थापता म्हणायची. शेजारची काकू आली की दोघींचं कानडीत सुरू व्हायचं. अब्बा होते तोवर ते दारात आलेल्या माणसाशी मराठीत बोलायचे, आमचं आपसात दखनी, आणि या सगळ्यात मधूनमधून गोऱ्याचं इंग्रजी. कर्नाटकाची हद्द जवळ असलेल्या गावात एका घरात तीन भाषा चालणं नवं नाही. चौथी यंत्राच्या तोंडून येत होती, एवढंच.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. मला दिसत नाही. लहानपणी फक्त रात्री दिसायचं नाही, मग बाजूचं दिसेनासं झालं, मग नळीतून पाहिल्यासारखं उरलं, आणि पंचविशीत तेही गेलं. डॉक्टर त्याला रेटिनायटिस पिगमेंटोसा म्हणतात. घराण्यातून येणारा आजार आहे, आणि जवळच्या नात्यात लग्नं होतात तिथे त्याची शक्यता वाढते. आमच्याकडे चुलत-मावस भावंडांत लग्नं होतात, गावातल्या कितीतरी हिंदू घरांत मामा-भाचीत होतात, त्यामुळे या बाबतीत कुणी कुणाला नावं ठेवायचं कारण नाही. त्यावर कधीतरी वेगळं लिहीन. आज लिहायचंय ते कानांबद्दल.

संगणकाच्या पडद्यावर जे असतं ते वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमला स्क्रीन रीडर म्हणतात. मी एनव्हीडीए वापरतो. ऑस्ट्रेलियातल्या मायकल करन या अंध तरुणानं २००६ साली तो लिहायला घेतला, आणि पुढे जेम्स तेह हा त्याचा दोस्त, तोही अंध, त्याला येऊन मिळाला. दोघांची ओळख लहानपणी अंध मुलांच्या एका संगीत शिबिरातली. त्या काळात चांगल्या स्क्रीन रीडरची किंमत खुद्द संगणकापेक्षा जास्त असायची, आणि या दोघांनी आपला प्रोग्रॅम फुकट वाटला. माझ्यासारख्या मैंदर्गीच्या पोराला नोकरी करता आली त्यात या दोन माणसांचा वाटा आहे. मी त्यांना भेटलेलो नाही, पण दुआत नाव घेतो.

त्याच्यासोबत जो आवाज येतो त्याचं नाव ईस्पीक. माणसाचा आवाज रेकॉर्ड करून तो बनवलेला नाही, गणितानं घडवलेला आहे. स्टीफन हॉकिंग यांच्या यंत्राचा आवाज तुम्ही ऐकला असेल, साधारण त्याच जातीचा. ऐकायला खरखरीत, पण वेग कितीही वाढवला तरी अक्षर तुटत नाही. मी तो ज्या वेगानं ऐकतो तो पहिल्यांदा ऐकणाऱ्याला पत्र्यावर पडणाऱ्या गारांसारखा वाटतो. ईस्पीकला मराठी येतं, हिंदी येतं, उर्दूही येतं, पण आमचा सगळा खानदान व्हॉट्सॲपवर दखनी लिहितो ती रोमन लिपीत. रोमन दिसलं की गोरा ते इंग्रजी समजून वाचतो. 'मेरेकू' चं तो काय करतो ते लिहून दाखवता येणार नाही. मला सवय झाली. माझी समजूत अशी होती की हे फक्त मलाच कळतं.

मी सोलापुरात एका कनिष्ठ महाविद्यालयात इतिहास शिकवतो. मार्च २०२० मध्ये सगळं बंद झालं तेव्हा गावी आलो आणि अडकलो. जूननंतर झूमवर तास सुरू झाले. गच्चीवर नेटवर्क बरं मिळायचं, पण ऊन आणि वाऱ्याचा आवाज, म्हणून खाली पुढच्या खोलीत बसायचो. सुरुवातीला लॅपटॉपचा स्पीकरच वापरला. हेडफोन लावला तर मुलांचा आवाज आणि गोऱ्याचा आवाज एकाच कानात एकदम येऊन दोन्ही कळेनासे व्हायचे. स्पीकरवर निदान खोलीत थोडी जागा मिळते आवाजांना.

दुसऱ्या आठवड्यातली गोष्ट. १८५७ वर बोलत होतो. मध्येच एका मुलीनं चॅटमध्ये मला लिहिलं. सगळ्यांना नव्हे, फक्त मला. फी भरलेली नाही, नाव काढतील का, आणि घरात कुणाचं काम सुटलंय ते. गोऱ्यानं आधी तिचं नाव घेतलं आणि मग सगळा मजकूर वाचला, स्पीकरवरून, आणि माझ्या माईकनं तो उचलून पन्नासेक घरांत पोचवला. वेग एवढा असूनही मुलांना नाव कळलं, फी कळलं. कुणीतरी हसलं. मग घंटीचा बारीक आवाज आला, म्हणजे कुणीतरी वर्गातून बाहेर पडलं. कोण, ते गोऱ्यानंच सांगितलं.

तिला त्याच संध्याकाळी फोन केला, माफी मागितली, तिच्या वडिलांशी बोललो. फीचं पुढे काहीतरी जमलं. ती वर्गात परत आली, पण चॅटमध्ये पुन्हा एक अक्षर लिहिलं नाही.

दोन साऊंड कार्डांची गरज का लागते, हे मला त्या दिवशी कळलं. म्हणजे ऐकून माहीत होतं. पुण्यात कॉम्प्युटर शिकलो तिथले सीनियर सांगायचे, की पूर्वी अंध माणसाच्या संगणकाला बोलणारी पेटी वेगळी असायची. डेकटॉकसारखं यंत्र, १९८४ सालचं, मागच्या पोर्टाला वायरनं जोडायचं. बोलणं त्या पेटीतून यायचं आणि संगणकाचा बाकीचा आवाज संगणकातून. पुढे आवाज सॉफ्टवेअरमध्ये आला, पेटीचा खर्च वाचला, आणि स्क्रीन रीडर, गाणं, फोन, सगळे एकाच साऊंड कार्डाच्या दारात गर्दी करू लागले. डोळस माणसाला यात अडचण नाही. त्याचा पडदा डोळ्यांपुढे असतो आणि गाणं कानात. आमचा पडदाही कानातच.

बाजार थोडा खुला झाल्यावर भाऊ सोलापूरहून यूएसबीचं साऊंड कार्ड घेऊन आला. अंगठ्याएवढं, दोनशे रुपयांच्या आत. एका बाजूला यूएसबी, दुसऱ्या बाजूला हेडफोन आणि माईकची दोन भोकं. ते लावलं की विंडोजला एक नवा कान फुटतो. मग त्या वेळच्या एनव्हीडीएत त्याचं बटण, म्हणजे माझ्याकडे इन्सर्ट, अधिक कंट्रोल अधिक एस दाबावं लागायचं. आवाज निवडायची खिडकी उघडायची, टॅब दाबून आउटपुट डिव्हाइसवर जावं लागायचं, बाणानं यूएसबी कार्ड निवडावं लागायचं, एंटर. झूमच्या सेटिंगमध्ये स्पीकर म्हणून लॅपटॉपचं मूळ कार्ड ठेवायचं. आता गोरा डाव्या कानातल्या बारीक इअरफोनमधून बोलतो, आणि वर्ग स्पीकरवरून किंवा वरून घातलेल्या हेडफोनमधून ऐकू येतो. मी मुलांच्या चेहऱ्यांऐवजी त्यांची नावं ऐकत शिकवू लागलो, आणि मुलांना गोरा आहे हेच ऐकू येईनासं झालं.

ज्यांना हे करायचंय त्यांच्यासाठी दोन गोष्टी, ज्या मला कुणी सांगितल्या नव्हत्या. एक, ही स्वस्त कार्डं मध्येच डुलकी घेतात. थोडा वेळ शांत राहिलं की कार्ड झोपतं, आणि पुन्हा बोलायची वेळ आली की जागं होईपर्यंत पहिलं अक्षर गिळलं जातं. 'नको' चं 'को' ऐकू येतं. विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये यूएसबीची वीजबचत बंद केली की काही कार्डं सुधारतात, काही नाही. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. या कार्डांना स्वतःची वेगळी ओळख नसते, त्यामुळे विंडोज त्यांना बसायच्या जागेवरून ओळखतं. तेच कार्ड उजवीकडच्या पोर्टातून काढून डावीकडच्या पोर्टात लावलं, तर विंडोजच्या लेखी ते नवं कार्ड. नावापुढे '२' लागतं आणि जुनं कार्ड हरवलेलं ठरतं. मग एनव्हीडीए आपलं नेमून दिलेलं कार्ड शोधतो, त्याला सापडत नाही, आणि तो बोलायला मिळेल तिथून बोलू लागतो, म्हणजे लॅपटॉपच्या स्पीकरवरून.

यात चूक नाही. हे मुद्दाम तसं केलेलं आहे. दिसत नाही त्या माणसाचा आवाजही गेला तर त्यानं काय करायचं? सेटिंग दुरुस्त करायलासुद्धा आवाज लागतो. म्हणून गप्प बसण्यापेक्षा कुठूनही बोल, हा त्याचा धर्म. प्रोग्रॅम लिहिणारे स्वतः अंध होते, त्यांना ते ठाऊक होतं.

एप्रिल २०२१. दुसरी लाट. रमजान १४ तारखेला सुरू झाला होता. सोलापूरला मोठे मामू दवाखान्यात होते. अम्मीला आम्ही सांगितलं होतं की जरासा ताप आहे, घरीच आहेत. आठ दिवस हेच सांगत होतो. मामूंना ऑक्सिजन लावलाय हे मला, भावाला आणि बहिणीला माहीत होतं. अम्मीला रोजा, त्यात बीपी, आणि जाऊ तर देणार नाही कुणी, मग सांगून काय करायचं, असा हिशेब. मामूंच्या मोठ्या मुलाचे मेसेज गोरा माझ्या डाव्या कानात वाचायचा, मी भावाला हळूच सांगायचो. अम्मी चुलीपाशी असायची, तीन-चार हातांवर. कार्डाचं मला तेव्हा किती कौतुक होतं!

असरनंतर अम्मीला माझ्या लॅपटॉपवर नात लावून द्यायचो. इफ्तारपर्यंत तेवढाच विरंगुळा. त्या दिवशीही लावली आणि मी मागे हौदावर वजू करायला गेलो. एनव्हीडीएत एक सोय आहे. तो बोलायला लागला की बाकीचा आवाज आपोआप खाली दबतो, बोलून झालं की पुन्हा वर येतो. मी ती नेहमी चालू ठेवतो.

हौदावर पाय धुताना मला ऐकू आलं की नात हळू झाली.

थांबली नाही, हळू झाली. जशी पंगतीत कुणी बुजुर्ग बोलायला लागल्यावर बाकीचे आवाज खाली करतात. याचा अर्थ फक्त मला कळत होता. गोरा बोलणार आहे, आणि तो माझ्या कानात नाही, खोलीत बोलणार आहे. मी ओरडायला तोंड उघडलं, पण काय ओरडणार? तेवढ्यात त्यानं मामूंच्या मुलाचं नाव घेतलं आणि दोन-तीन शब्द बोलला. 'अब्बा' चं ॲबा, 'इंतेकाल' चं इंटेक्वॉल. एका सेकंदाचं काम. मग नात पुन्हा पहिल्यासारखी मोठी झाली.

मी भिंत धरून आत आलो. मनात होतं की अम्मीला काय कळणार, तो वेग, ते इंग्रजी नाक. आत आलो तेव्हा परातीचा आवाज थांबलेला होता. अम्मी मरणाची खबर ऐकल्यावर म्हणायची ती आयत म्हणत होती, पूर्ण, सावकाश. मग म्हणाली, "वो बंद कर." नात बंद केली.

भाच्याला पेन ड्राइव्ह लावायचा होता, त्यानं दुपारी माझं कार्ड काढून दुसऱ्या बाजूला लावलं होतं. अकरा वर्षांचा पोरगा. नीट परत लावलं असं त्याला वाटलं, आणि तसं ते लावलंच होतं. आम्ही त्याला काही सांगितलं नाही, तेव्हाही नाही, नंतरही नाही. आता तो मोठा झालाय, हे वाचेल तर वाचो. त्याची चूक नव्हती.

मय्यतीला जाता आलं नाही. सोलापुरात मोजक्या माणसांत दफन झालं. अम्मीनं त्या दिवशी पाण्यानंच रोजा सोडला आणि रात्रभर जानमाजवर बसली. तिसऱ्या दिवशी माझ्याशी बोलली. रडणं वगैरे नाही, हिशेब मागितल्यासारखं. म्हणाली, "पहिले गोरा सब बोलता था. किसकी शादी, किसका झगडा, कौन बीमार, मेरेकू सब समजता था. तुमने उसकू कान में घुसाये, तबसे इस घर में मेरेकू कोई कुछ नइं बोलता."

म्हणजे ती इतकी वर्षं ऐकत होती. भाकरी थापताना, तांदूळ निवडताना. तिला लिहिता-वाचता येत नाही, कुराण शरीफ नजरेनं वाचते तेवढंच. फोनवरचा मेसेज तिच्यासाठी नुसता चकाकणारा ठिपका. खानदानाची सगळी खबर तिला गोऱ्याकडून मिळत होती, आणि आम्हा शिकलेल्यांपैकी कुणाच्याही ते ध्यानात आलं नाही. माझ्या अंदाजानं तिला आठ दिवसांत शंकाही आली असणार. विचारायचं कुणाला?

मला यात सगळ्यात जास्त काय टोचलं ते सांगतो. दिसेनासं झाल्यापासून माझी लोकांबद्दल एकच तक्रार राहिलेली आहे. माझ्या समोर बसून ते डोळ्यांनी बोलतात. एखाद्या स्थळाचा विषय निघाला, कुणाच्या पैशाचा निघाला, की खोलीत एक शांतता होते आणि मला कळतं की आता माझ्या डोक्यावरून खुणा चालल्यात. या गोष्टीचा मला इतका राग येतो की मी लग्नघरांत बसणं सोडलं. आणि मी माझ्या आईच्या डोक्यावरून दोनशे रुपयांच्या वायरीनं तेच करत होतो, आठ दिवसच नव्हे, दहा महिने.

मुलांच्या चॅटचं गुपित राखायलाच हवं, त्याबद्दल माझं मत बदललेलं नाही. त्या मुलीचा मेसेज माझ्याच कानात यायला हवा होता. पण एकदा कार्ड लावल्यावर मी सगळंच तिकडे वळवलं, वर्गाचं आणि घराचं. खासगी काय आणि घराचं काय, याचा विचार एकदाही केला नाही. सोय होती म्हणून वापरली. मामूंची खबर अम्मीला मीच हात धरून सांगायला हवी होती, आणि त्याआधी ताप जरासा नाही हेही. तिला जाता आलं नसतं, पण मामू शुद्धीवर होते तोवर फोनवर बोलता तरी आलं असतं. ते राहिलं. त्याबद्दल अम्मी पुन्हा बोलली नाही, मीही विचारलं नाही.

त्यानंतर काही गोष्टी बदलल्या. नोटिफिकेशनमध्ये मजकूर दिसणं बंद केलं, आता कुणाचा मेसेज आला एवढंच गोरा सांगतो, मजकूर मी स्वतः उघडल्याशिवाय वाचत नाही. साऊंडच्या कंट्रोल पॅनलमध्ये जाऊन दोन्ही कार्डांना माझी नावं दिली, एकाचं 'कान', दुसऱ्याचं 'घर'. हे नाव बदलायची सोय तिथे आहे, पुष्कळांना माहीत नसतं. आणि मगरिबनंतर रोज पाच-दहा मिनिटं मी गोऱ्याला 'घर' वर आणतो, वेग निम्म्याच्या खाली करतो, आणि खानदानाचा ग्रुप उघडून एकेक मेसेज वाचायला लावतो. बहिणीचा एखादा मेसेज फक्त माझ्यासाठी असतो, तो वगळतो, आणि वगळलं हे अम्मीला सांगतो. त्यावरून कधी कधी भांडण होतं. होऊ दे.

२०२४ मध्ये एनव्हीडीएत नवी सोय आली, साऊंड स्प्लिट नावाची. एकाच हेडफोनमध्ये स्क्रीन रीडर एका कानात आणि बाकी सगळं दुसऱ्या कानात, एक बटण दाबून. पुष्कळ अंध मित्रांनी दुसरं कार्ड काढून टाकलं. वर्गासाठी मीही आता तेच वापरतो, आणि चांगलं आहे. पण ते दोन कानांपुरतंच चालतं, आणि ते दोन्ही कान माझे. म्हणून जुनं कार्ड अजून आहे.

ते पुन्हा भलत्या पोर्टात जाऊ नये म्हणून अम्मीनं त्याच वर्षी ईदनंतर एक काम केलं होतं. गोधडीच्या जाड दोऱ्याची तीन गाठींची कडी करून कार्डाला बांधली, आणि लॅपटॉपच्या उजव्या पोर्टाशेजारी तसाच तीन गाठींचा तुकडा चिकटवला. हाताला लागलं की कळतं. मधे लॅपटॉप बदलला, त्याला डावीकडे एकच मोठा पोर्ट आहे, तरी तिनं दोरा उचलून तिकडे लावून घेतला. काल संध्याकाळी ग्रुप वाचताना गोऱ्यानं पुन्हा पहिलं अक्षर गिळलं, आणि कुणाचं तरी बाळ झालं की बाळाला काहीतरी झालं, ते कळेना. अम्मी म्हणाली, "फिरसे बोलने को लगा उसकू." मी लावलं. मुलगा झाला होता.